कडीपाशी उडालेला लेप

अभिरुची कॉलनीत खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीवरचा लेप जिथे उडतो, तिथून घरात बोललेलं बाहेर पडतं. भिंतींना नुसते कान असतात; खिडकीला तोंड असतं. म्हणून लेप शाबूत ठेवणं ही तिथे पाणीपट्टीइतकीच साधी बाब आहे, आणि हयगय करणाऱ्याची खैर नसते. मागच्या संक्रांतीला शेंड्यांच्या चौकटीनं सासूबद्दलची तीन वर्षांची मतं भर हळदीकुंकवात ओकून टाकली होती.

प्रमिलाताई वाळिंब्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीवर, बाहेरच्या अंगाला, कडीपाशी बोटभर लेप उडालेला दिसला. ती खिडकी गॅलरीत उघडते. गॅलरीत त्यांच्या यजमानांची, वसंतरावांची, आरामखुर्ची. दीड महिन्यापूर्वी तीच कडी धरून त्या फोनवर बहिणीला म्हणाल्या होत्या, “डॉक्टर सहा महिने म्हणताहेत गं. ह्यांना मी कावीळच सांगितलीय.”

तेवढं एक वाक्य ह्यांच्या कानावर पडू नये, बाकी देवा काहीही होऊ दे.

त्यांनी दुरुस्तीवाल्या मुजावरांना बोलावलं आणि वसंतरावांना कोथिंबिरीला पिटाळलं.

“अगं, घरात आहे की!”

“ती पिवळी पडलीय. जा हो, तेवढेच पाय मोकळे होतील.”

वसंतराव कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मुजावरांनी पिशवीतून छापील अर्ज काढला.

“गळतीचा प्रकार? कुजबुज, बोलणं, भांडण, रडणं?”

“बोलणं,” प्रमिलाताई म्हणाल्या. “भाऊ, पटकन कलई करून टाका.”

“कलई पितळेला, काकू. हा लेप. आणि तो नुसता वरून फासून चालत नाही. आधी आजूबाजूचंही पॉलिश पेपरनं घासून उघडं करायचं. तेवढ्यात साठलेलं सगळं बाहेर पडणार.”

“वीस मिनिटं आहेत. करा.”

मुजावर गॅलरीत गेले, भिंग लावून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“काकू, हे झिजलेलं नाही. खरवडलंय. नखानं.”

“कुणी?”

“ते अर्जात नाही. पण ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवेनं आपोआप बारीक पापुद्रा धरतं. मग चौकट पुन्हा गप्प होते. इथे कुणीतरी रोज पापुद्रा काढतंय. हे चकचकीत दिसतंय ते आज सकाळचं. सगळ्यात जुना ओरखडा,” त्यांनी बोटांवर मोजलं, “दीड महिन्याचा.”

प्रमिलाताई ओट्याला टेकल्या. दीड महिना त्या ह्यांच्यासमोर हसत उसाचा रस ठेवत होत्या. दीड महिना हे हसत तो पीत होते, आणि म्हणत होते, कावीळ काय, आज आहे उद्या नाही.

जिन्यात चपला वाजल्या. मुजावरांनी पॉलिश पेपर उचलला.

“घासू?”

“नको.”

“मग दुरुस्ती नाकारली असं लिहावं लागेल. कारण?”

प्रमिलाताईंनी पदरानं तोंड पुसलं. “वापरात आहे, असं लिहा.”

मुजावरांनी तसं लिहिलं, सही घेतली आणि ते निघून गेले. वसंतराव दमून आले. त्यांनी मेथी आणली होती. ती ओट्यावर ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले.

प्रमिलाताईंनी मेथी निवडायला घेतली. चार काड्या निवडून झाल्यावर त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कडीला तोंड लावून अगदी हळू म्हणाल्या, “अहो, मला फार भीती वाटते हो.”

गॅलरीत खुर्ची करकरली, आणि चौकटीवर पलीकडून नख घासल्याचा आवाज येऊ लागला.