केवडाराणीची शंभर कुपनं

पैसा वाचवण्याच्या बाबतीत आमच्या सावली गावात मला तोड नव्हती, असं एक मत होतं. माझंच होतं. दुसऱ्या कोणाचं असल्याचं ऐकिवात नाही. काडीपेटीतली काडी मी पात्याने उभी चिरून एकीच्या दोन करत असे. त्यातल्या निम्म्या पेटत नसत, पण पेटी दुप्पट दिवस पुरे. शाळेत पोरं मला मनसाराम गुरुजी म्हणत. घरचे काही म्हणत नसत, कारण त्यांना त्या चिरलेल्या काड्यांनी चूल पेटवावी लागे.

ही छप्पन सालची गोष्ट आहे. घरात आम्ही चौघं. बाबा, म्हणजे इस्तारी, ज्यांचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला. माझी बायको देवकाबाई. धाकटी बहीण वच्छला, आणि मी. येत्या वैशाखात वच्छलाचं लग्न करायचं ठरत होतं. वैनगंगेपलीकडच्या उमाजीच्या मुलाने तिला एका लग्नात पाहिलं होतं आणि तिनेही त्याला पाहिलं होतं. पसंती दोन्हीकडून होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. लग्नासाठी बाबांनी मासोळ्या विकून साठवलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यात होते, आणि डबा माझ्याकडे होता. घरातला हिशेबी माणूस मीच ना.

पौषात देवकाबाई भावाच्या मुलाच्या बारशाला माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात गुणवंतरावांच्या किराणा दुकानात एक रंगीत पाटी लागली. केवडाराणी साबण. प्रत्येक वडीच्या वेष्टनात एक कुपन. शंभर कुपनांवर गॅसबत्ती. मुदत होळीपर्यंत.

"गुरुजी, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाचं काम हाये," गुणवंतराव म्हणाले. "पुऱ्या दोन पेट्या, म्हंजे शंभर वड्या, घ्यान तं मी वरून सूट देतो."

मी उभ्या उभ्या हिशेब मांडला. लग्नात गॅसबत्ती भाड्याने आणावी लागते. आपलीच असली तर भाडं वाचलं. पुढे गावातली सगळी लग्नं आपल्याच बत्तीखाली लागतील, ते भाडं आपल्याला. साबण तर चार वर्षं विकत घ्यायला नको. शिवाय सूट. जितकं जास्त घ्यावं तितकं जास्त वाचत होतं. इतकं वाचवण्याची संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी घरी जाऊन डबा उघडला.

दोन पेट्या डोक्यावर घेऊन आलो तेव्हा वच्छला अंगण सारवत होती.

"दादा, एवढा साबण कोनाले?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती शेणाचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"म्हंजे माह्या लग्नात आपली सोताची बत्ती?"

"सोताची."

त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून शंभर वेष्टनं फाडली. कुपन आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं, त्यामुळे कागद फाडल्याशिवाय ते निघत नव्हतं. वच्छला एकेक कुपन सोडवून, फुंकर मारून, माझ्या हातात देत होती. संध्याकाळी माझ्याकडे शंभर कुपनं होती आणि जमिनीवर शंभर उघड्या वड्या. घरात केवड्याचा असा घमघमाट सुटला की बाबा तलावावरून आले ते दारातच थबकले.

"कोनाचं घर हे?" त्यांनी विचारलं. त्यांना मी दहाच वड्या सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वड्या कुरतडलेल्या. उंदरांना साबण आवडतो हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आणखी चार. मी हबकलो. घरात उंदरांपासून सुरक्षित जागा एकच होती: तांदळाची ढोली. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, वर घट्ट झाकण. त्यात लुचई जातीचा नवा तांदूळ भरला होता, पाहुण्यांसाठी आणि लग्नासाठी राखलेला. रोजचा तांदूळ वेगळ्या डब्यात असायचा, त्यामुळे ढोली कोणी उघडत नव्हतं.

"दादा, तांदळाले वास लागन," वच्छला म्हणाली.

"शिजल्यावर उडून जाते वास," मी म्हणालो. शाळेत मी चौथीला विज्ञान शिकवत असे.

कुरतडलेल्यांसकट शंभर वड्या मी कोपरापर्यंत हात घालून तांदळात पुरल्या. देवकाबाई परत आली. मी तिला काही सांगितलं नाही. बत्ती हातात आल्यावरच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. बत्ती बघून कोणाचाही राग निवळला असता.

माघात निरोप आला. उमाजीकडची सात माणसं परवा सुपारी फोडायला येत आहेत. त्या दिवशी बाबा पहाटेच तलावावर गेले आणि हातभर लांबीची मरळ घेऊन आले. देवकाबाई तांदूळ काढायला निघण्याआधी मी घाईघाईने ढोलीत उतरलोच म्हणा ना. वड्या बाहेर काढून जुन्या पोत्यात भरल्या. मोजल्या. नव्वद भरल्या. उंदरांनी पोखरलेल्या त्या दहा मिळेनात. त्यांचा तांदळात पार भुगा झाला होता.

थोड्या वेळाने देवकाबाईने मला चुलीपाशी बोलावलं.

"अवो, हे पाहा. तांदूळ तीनदा धुतला. पानी फेसाळूनच राह्यलं. अन् वास कायचा येते?"

"लुचई नवी हाये. नव्या लुचईले वास असतेच."

"मी लुचई आजच पहिल्यांदा पाह्यली काय? थांबा, मी शेजारून ताराबाईकडून पायलीभर तांदूळ आनतो."

इथे मी मागे फिरू शकलो असतो. खरं सांगतो, शब्द ओठांवर आला होता. पण खरं सांगायचं म्हणजे वड्या सांगायच्या, वड्या सांगायच्या म्हणजे डबा सांगायचा, आणि बाबा चार हातांच्या अंतरावर बसून मरळ साफ करत होते.

"कायले? मांगून आनलेला भात पाहुण्याइले वाढायचा?" मी म्हणालो. "शिजव तू."

वच्छला कोपऱ्यात नवं लुगडं नेसून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. ती खाली बघायला लागली.

भात उकळताना पांढरा फेस भांड्याबाहेर आला आणि चुलीवर सांडून चर्र आवाज झाला. देवकाबाई पुन्हा पुन्हा तो पळीने काढत होती. घरभर वाफ पसरली, केवड्याची. पाहुणे डोंग्याने नदी ओलांडून, काही मैल चालून भुकेले आले होते. हातपाय धुऊन ओळीत बसले. उमाजी, त्यांचे भाऊ पत्रू, आणि भावकीतले पाच जण. उमाजी चांगला माणूस. बसताना म्हणाले, "घरात चांगला वास हाये जी. देवाचं काही केलं काय?"

बाबा खुश झाले. मी हसलो.

पहिला घास सगळ्यांनी मरळीच्या रश्शासोबत घेतला. दुसरा घास जरा सावकाश गेला. तिसऱ्या घासाला उमाजींनी भात बाजूला सारून नुसती मासोळी खायला सुरुवात केली. पत्रूभाऊ मात्र जेवणारा गडी. त्यांनी मोठा घास भरला, चावला, आणि थांबले. त्यांच्या दाताखाली वडीचा तुकडा आला असणार. ते पाणी प्यायले. पाणी पिऊ नये असा तो एकच क्षण होता. ओठांच्या कडेने फेस आला. त्यांनी पुसला. पुन्हा आला.

"पत्रू, काय होऊन राह्यलं तुले?" उमाजींनी विचारलं.

पत्रूभाऊ बोलायला गेले आणि तोंडातून बुडबुडा निघाला.

ओळीतली सगळी माणसं ताटावरून उठली. पत्रूभाऊ अंगणात जाऊन ओकले. उमाजी ओल्या हातांनी माझ्यासमोर उभे राहिले. ते ओरडले नाहीत.

"मास्तर, आमची पसंती होतीच. मंग हे कायले केलं?"

"काय केलं?" बाबांनी विचारलं.

"भारलेलं अन्न चारलं तुमी आमाले. पोट्टीसाठी. हा फेस, हा वास कायचा हाये मंग?"

बाबांच्या हातात वाढायचा डाव होता. तो तसाच राहिला. मी तोंड उघडलं. साबण एवढाच शब्द होता, तीन अक्षरांचा. तो मला म्हणता आला नाही. शाळेत दिवसभर बोलणारा माणूस मी, उष्टी ताटं गोळा करायला लागलो. ते सात जण अंगणातून गेले, तांबड्या पिशवीतली सुपारी तशीच घेऊन.

वच्छला आतून सगळं ऐकत होती. तीही बोलू शकली असती. ती बोलली नाही, माझ्यासाठी. हे मला त्या वेळी कळलं नाही. त्या वेळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

देवकाबाईने भाताचं भांडं परसात नेलं, त्यातून चिमूटभर भात बोटांनी चोळला, हुंगला, आणि सरळ माझ्या पोत्यापाशी आली. तिने त्याचं तोंड सोडून बघितलं. नव्वद वड्या.

"बाबाइले तुमी सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. बाबा ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी डबा मागितला, उघडला, बंद केला आणि मला परत दिला. मग जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेले. ती जाळं टाकायची वेळ नव्हती.

आठवडी बाजारात गोष्ट माझ्याआधी पोहोचली होती. मास्तराच्या घरी भारलेला भात चारतात. वच्छला पाण्याला गेली की बाया तिच्यापासून हातभर अंतर राखून घागर भरायच्या. तिच्यासाठी दुसऱ्या एका ठिकाणी बोलणं सुरू केलं होतं, ते न सांगताच बंद झालं.

होळी जवळ आली. मी कुपनं घेऊन मोटारीने चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, गेलो. सगळं गेलं, निदान बत्ती तरी घरात यावी. कंपनीच्या एजंटने कुपनं मोजली, शंभर भरली, आणि म्हणाला, "बरोबर. आता बावीस रुपये."

"कशाचे?"

त्याने कुपन उलटं करून दाखवलं. मागे बारीक इंग्रजी अक्षरं होती. शंभर कुपनांवर बत्ती निम्म्या किमतीत मिळणार होती, असं तिथे लिहिलेलं होतं. मी मराठी सातवी पास.

शहाणा माणूस तिथून परत फिरला असता. मी मात्र विचार केला की आता बत्ती नाही घेतली तर साबणाचे पैसे वाया जातील. डब्यातले उरलेले पैसे मी बरोबर नेले होते. त्यातले बावीस त्याला मोजून दिले.

घरी बत्ती मी ओसरीवर ठेवली. कोणी तिला हात लावला नाही. दोन दिवसांनी देवकाबाई म्हणाली, "बत्ती उचला अन् उमाजीभाऊकडे जा. सोबत दोन वड्या न्या. आपल्या पोट्टीवरचा डाग तुमीच धुवा."

गेलो. उमाजींच्या अंगणात मी पाणी मागितलं, वडी घासली, फेस दाखवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्रूभाऊही येऊन बसले. त्यांनी वडी हातात घेऊन हुंगली आणि लगेच खाली ठेवली.

"म्हंजे करनी नाई," उमाजी म्हणाले. "मास्तर येडा हाये, एवढंच."

"एवढंच," मी म्हणालो.

"त्याच दिवशी सांगितलं असतं तं आमी हसलो असतो, अन् सुपारी फोडली असती." ते जमिनीकडे बघत होते. "आता पोराचं दुसरीकडं जमलं, मास्तर. शब्द गेला माहा."

मी उठलो. ते म्हणाले, "बसा. पोट्टीची काही चूक नाई, हे मी चारचौघात सांगन. लग्नाच्या मांडवातच सांगन, सारी भावकी राहीन तिथी. तुमीबी या." मग जरा अडखळून त्यांनी बत्तीकडे पाहिलं. "हे आनता येईन काय? आमाले भाड्यानं भेटून नाई राह्यली."

वैशाखात मी त्या लग्नाला गेलो. बत्ती पेटवणं तिथे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, म्हणून मांडवाच्या मधोमध मलाच उभं राहावं लागलं. जाळी काळवंडली की पंप मारायचा, उजेड पडला की बत्ती उंच धरायची. माझ्या उजेडात नवरानवरी बोहल्यावर आली. मंगलाष्टकं झाल्यावर उमाजींनी शब्द पाळला. सगळ्या भावकीसमोर त्यांनी साबणाची गोष्ट सांगितली. आधी कोणी हसलं नाही. मग पत्रूभाऊंनी तोंडातून बुडबुडा कसा निघाला ते करून दाखवलं आणि सगळा मांडव कोसळायचा तेवढा राहिला. वच्छलाचं नाव त्या हसण्यात स्वच्छ झालं. माझं नाव साबणमास्तर पडलं ते आजतागायत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोहोचलो. बाबा तलावावर होते, देवकाबाई शेजारी गेली होती. वच्छलाने मला ताट वाढलं आणि समोर बसली. उमाजी काय बोलले ते मी तिला सगळं सांगितलं. तिने मान हलवली. मग ती म्हणाली, "दादा, नवरी कशी हाये?"

"पाह्यलीच नाई मी. बत्तीतच गुतलो होतो."

वास्तविक साऱ्या मांडवात नवरी मलाच सगळ्यांत स्पष्ट दिसली होती. वच्छला माझ्याकडे बघत राहिली. तिला ते कळलं असावं.

"भात घालू आखीन?" तिने विचारलं.

मला भूक नव्हती. तरी मी दोनदा घेतला.