लाल म्हणजे गार

परदेशातला शेवटचा दिवस. विमान संध्याकाळचं होतं, बॅगा सकाळीच भरून झाल्या होत्या आणि धाकट्याच्या हाताला काही काम उरलं नव्हतं. त्याच्या हाताला काम नसलं की त्याच्या घरची शहाणी माणसं नाजूक वस्तू उचलून माळ्यावर ठेवतात. पण हे घर दादाच्या मित्राचं. त्यांना कोण सांगणार?

दादा इथे नोकरीला होता तेव्हा याच घरात, मागच्या खोलीत दोन वर्षं राहिला. आठ महिन्यांपूर्वी तो वारला. मग मित्राने आणि त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, आग्रह करकरून बोलावलं, म्हणून आई, बाबा आणि धाकटा दोन आठवडे आले होते. दादाचा विषय निघाला की धाकटा पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा. (इतकं पाणी प्यायला, की ह्याला साखरेचा त्रास तर नाही ना, असं वहिनींनी आईला हळूच विचारलं.)

पाणी स्वयंपाकघरात, आणि तिथला नळ उलटा. लाल ठिपक्याला गार, निळ्याला कढत. वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लाल म्हणजे गार." धाकटा सहावीतून नळकामाला लागलेला. (त्याने शाळा सोडली असं तो सांगतो, शाळेचं म्हणणं वेगळं आहे.) तेरा दिवस त्याने कळ काढली. चौदाव्या दिवशी मंडळी बाजारात गेल्यावर त्याला वाटलं, ह्या माणसांनी आपलं इतकं केलं, जाता जाता नळ तरी सरळ करून द्यावा. कपाटातला पाना घेऊन तो सिंकखाली शिरला.

दहा मिनिटांचं काम. पण खालचा कॉक धाकट्याच्या मते बंद झाला होता, आणि कॉकच्या मते नव्हता. पाइप सुटला तसा फवारा थेट दाराशी मांडलेल्या बॅगांवर. एका हाताने पाइप दाबत, दुसऱ्याने प्रवासाचा नवा शर्ट काढून त्याने फरशी पुसली.

मंडळी परतली तेव्हा तो बनियनवर, ओल्या बॅगांच्या मधोमध, लढाई जिंकल्यासारखा उभा होता. मित्राने हात धुवायला सवयीने लाल नळ सोडला आणि चटका बसून हात मागे ओढला.

"आता लालला गरम येतं," धाकटा म्हणाला. "ज्याने हा नळ बसवला ना, त्याच्या हातात पाना देणाऱ्यालाच धरायला हवं."

"मीच दिला होता," हातावर फुंकर घालत मित्र म्हणाला.

"कोणाला?"

"तुझ्या दादाला."

पाणी प्यायला उठून जायची सोय नव्हती. धाकटा नळापाशीच उभा होता.

मग वहिनींनी सांगितलं. एका सुट्टीच्या दिवशी दादाने हा नळ मोठ्या थाटात बसवला होता. माझा भाऊ प्लंबर आहे, आमच्या रक्तातच आहे, असं म्हणत. तो गेल्यावर, घर भाड्याचं म्हणून, घरमालकाने नळ सरळ करायला दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा वहिनींनी त्याला दारातूनच परतवून लावलं.

"घरात नवं कोणी आलं की सांगावं लागतं, लाल म्हणजे गार," त्या म्हणाल्या. "ते विचारतात, असं का? मग आम्हाला त्याच्याबद्दल बोलता येतं. तू विचारलंच नाहीस रे."

धाकटा पाना घेऊन पुन्हा सिंकखाली शिरला. टॅक्सीला दीड तास होता. बाबा बॅटरी धरून बसले. जाणूनबुजून चुकीचं काम करायची त्याच्या हातांना सवय नव्हती. पाइप हातात आला की हात आपोआप सरळच जोडायचे. एकदा झालं, दोनदा झालं. एवढा वेळ का लागतोय, असं मित्राने विचारल्यावर खाली फार पाणी आहे, काही दिसत नाही, असं तो म्हणाला. (कॉक ह्या वेळी घट्ट बंद होता. बाबांनी ते पाहिलं आणि बॅटरी जरा बाजूला वळवली.)

शेवटी वहिनींनी लाल नळ सोडून खाली बोट धरलं. गार. त्यांनी धाकट्याच्या डोक्यावरून ओलाच हात फिरवला. बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवत होती.

वळणापर्यंत सगळे मागे बघून हात हलवत राहिले. मग आईने डोळे पुसले आणि धाकट्याकडे वळून म्हणाली, "थोरल्याला पहिल्याच फटक्यात उलटा जमला होता. तुला तीन खेपा लागल्या."