एक्केचाळिसावी प्रत

सईने दोन्ही हातांनी पुढे केलेलं पुस्तक कुमुदने एका हाताने घेतलं, कारण दुसऱ्या हातात अर्धवट सोललेली कोलंबी होती.

"काकांवर केलंय, ताई. चाळीसच प्रती आहेत. ही तुमची."

सई चौथ्या मजल्यावरची, चित्रकलेच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पुस्तक तळहाताएवढं होतं. खरबरीत जाड कागद, पाठीला पांढऱ्या दोऱ्याचे उघडे टाके, कोपऱ्यात पेन्सिलने घातलेला प्रतीचा नंबर आणि आत एकही अक्षर नाही. चोवीस पानांवर चोवीस वेळा कुमुदचे बाबा, सात महिन्यांपूर्वी गेलेले. वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर बसलेले, उभे, पाठमोरे, पेंगुळलेले. कुमुद बावीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होती. शब्द नसलेलं पुस्तक म्हणजे तिच्या लेखी पत्र नसलेलं पाकीट. तरी ती पानं उलटत गेली आणि एकोणिसाव्या पानावर थांबली. तिथे बाबा तोंड उघडून हसत होते आणि तोंडात एकही दात नव्हता.

"कवळी काढून बसले होते?"

"हो! कणीस खात होतो ना, दाणे अडकले. म्हणाले, थांब, हे यंत्र जरा खिशात ठेवतो. कसले हसलो आम्ही त्या दिवशी!"

कुमुद हसली नाही. आई गेल्यापासून अकरा वर्षं ती आणि बाबा, दोघंच त्या घरात राहत होते. अकरा वर्षांत बाबा तिच्यासमोर एकदाही कवळी काढून बसले नव्हते. दार लावून घ्यायचे, कवळी स्टीलच्या वाटीत ठेवायचे, वर झाकणी. आणि ही चौथ्या मजल्यावरची पोर, तिच्यासमोर कणीस!

सई गेल्यावर कुमुदने चोवीस पानं पुन्हा पाहिली. रोज संध्याकाळी ती बाबांच्या गळ्यात मफलर गुंडाळून त्यांना फिरायला पाठवायची. चोवीसपैकी एकाही चित्रात मफलर नव्हता. म्हणजे कोपऱ्यावर वळलं की काढून खिशात. हातात द्यायचा तो थर्मासही नव्हता. बाबांच्या त्या पुस्तकात कुमुद कुठेच नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने गिळलं असतं. पण पुस्तक मुंबईला, कलाकारांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांच्या प्रदर्शनात जाऊन आलं. मग जो भेटेल तो विचारायला लागला, "सईचं पुस्तक पाहिलं का? काय गोड होते हो तुमचे बाबा!" जसं काही ते सईमुळे गोड झाले होते. शेवटी वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक प्रत आणून टेबलावर ठेवली. नोंद करणं कुमुदचंच काम. तिने नोंदवही उघडली, लेखकाच्या रकान्यात सईचं नाव लिहिलं आणि विषयाच्या रकान्यात स्वतःच्या वडिलांचं. पेन बंद करताना तिने ठरवलं, आपणही पुस्तक काढायचं.

चित्र तिला येत नव्हतं. पण वाचनालयात झेरॉक्स मशीन होतं. जेवणाच्या सुट्टीत दार लावून तिने काचेवर एकेक वस्तू मांडली. बाबांचा जाड भिंगांचा चष्मा. दाढीचा ब्रश. चपलांचा जोड. संध्याकाळच्या चहाचे दोन कप. आणि सगळ्यात शेवटी, सईकडे जे असणं शक्यच नव्हतं ते, कवळी. काळ्या पार्श्वभूमीवर ती अशी उमटली की कुमुद स्वतःच दोन पावलं मागे सरली.

शब्द घालायचा मोह तिने आवरला. घातले असते तर सई म्हणाली असती, ताईंना चित्रातून बोलता आलं नाही. सईचं पुस्तक शिवलेलं, म्हणून हिचं पंख्यासारखं उलगडणारं. सईचा दोरा पांढरा, हिचा लाल. सईच्या चाळीस प्रती, हिच्या एक्केचाळीस. शेवटच्या घडीवर फक्त स्वतःचं नाव, घरचा पत्ता, रविवारची तारीख आणि 'सायंकाळी सहा वाजता'. सोमवारी बाबांना वर्ष पुरं होत होतं. आदल्या संध्याकाळी चार माणसांत पुस्तक उघडायचं आणि सईने ते बघायचं, एवढाच बेत.

मिरची गल्लीजवळ अवधूतचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. कागद कापायला सईही तिथेच यायची.

"कोणाला बोलायचं नाही," कुमुद हळू आवाजात म्हणाली. "सईला तर अजिबात नाही. वेळेवर कळू दे."

अवधूतने चष्मा पाहिला. कप पाहिले. मग लाल दोरा, मग तारीख.

"ताई, बाबांना वर्ष कधी होतंय?"

"सोमवारी."

"आणि हे रविवारी."

"सोमवारी गुरुजी येणार, त्यात हे नको."

"बरोबर आहे. आतच झालेलं बरं." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. आणि खरं सांगू का ताई? बाबांना फार आनंद झाला असता."

कुमुदचे डोळे भरून आले. हे पुस्तक दोन मिनिटांत कळलेला हा पहिला माणूस.

"पाकिटं, दोरा, कुरिअर, सगळं आमच्याकडे लागलं," अवधूत म्हणाला. "तुम्ही पत्ते द्या आणि घरचं बघा. घरी किती कामं असतील."

वाचनालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती, त्यामुळे कुमुदला हे सोयीचंच वाटलं. तिने तिथेच बसून शाईच्या पेनाने एक ते एक्केचाळीस नंबर घातले आणि चाळीस पत्त्यांची यादी दिली. शेवटची प्रत स्वतःसाठी. ती अवधूत रविवारी आणून देणार होता.

गुरुवारी पेणहून रमाआत्याचा फोन आला. ही बाबांची धाकटी बहीण.

"कुमुद, पोचलं गं. रडलेच मी."

"खरंच आत्या? कळलं तुला?"

"न कळायला काय झालं? ते दोन कप बघितले आणि म्हटलं, चला, पोरगी एकटी राहिली नाही."

कुमुदने राहवेना म्हणून विचारलं, "सईचं पुस्तक बघून रडली होतीस?"

"ते होय? ते बघून मला कणीस खावंसं वाटलं." आत्या जरा घुटमळली. "एक विचारू? रागावू नकोस. दात... सगळेच गेलेत?"

"सगळेच. वरचे, खालचे."

"आणि चष्मा केवढा जाड! वय काय म्हणायचं?"

"असं काय करतेस आत्या? तुला माहीत नाही? अठ्ठ्याहत्तर."

फोनमध्ये पेणच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"बरं," आत्या म्हणाली. "विचार करूनच केलं असशील. माणूस चांगला असला की झालं."

"माणूस चांगलाच आहे आत्या. तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

आत्याने फोन ठेवला, आणि आपल्या ओळखीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे किती जण आहेत ते बोटांवर मोजत बसली.

त्यानंतर जगनमामाचा फोन. "मी आणि मामी सकाळीच येतो. वडिलांच्या जागी बसायला कोणीतरी हवं ना." सोमवारच्या विधींसाठी मामा आपणहून येतायत, याचं कुमुदला भरून आलं. शनिवारपर्यंत चौतीस फोन झाले. प्रत्येक जण गहिवरलेला. जिन्यात सई भेटली तेव्हा कुमुदने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं पुस्तक आलं तेव्हा किती फोन आले होते गं?"

"फोन? मेसेज आले होते. पाच-सहा."

"हं. उद्या सहाला ये. घरगुतीच आहे."

त्या दिवशी कुमुद तीन मजले न थांबता चढली.

रविवारी चार माणसांचे वीस धरून तिने चिवडा आणि चहाची तयारी केली. जगनमामा सकाळीच आले होते आणि नवा फेटा मांडीवर घेऊन गॅलरीत बसले होते. गुरुजींना हल्ली फेटा चालतो वाटतं, असं म्हणून कुमुदने दुर्लक्ष केलं. पाच वाजता पहिली आली ती गुणाबाई. उरणची, तीस वर्षं या बिल्डिंगमध्ये मासळी देणारी. आज टोपली नव्हती. हिरवं नवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

"नवरा कुठं हाय गो?"

"कोणाचा?"

"तुजा! माजा तं कवाच गेला. आमी सकालपासून जेवलो नाय, म्हनलं कुमुदच्या लग्नात जेवू."

"गुणाबाई, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच तं धारलंस!" तिने पिशवीतून पाकीट काढलं. वर सोनेरी गणपती. खाली ठसठशीत 'आग्रहाचे निमंत्रण, सहकुटुंब'. आतल्या पुस्तकाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. ते जाड बोटाने, मायेने लावलेलं होतं.

कुमुद चपलांच्या स्टँडवरच बसली. आत्याचे दात, मामांचा फेटा, अवधूतचं 'आतच झालेलं बरं', सगळं एकामागून एक डोक्यात जागेवर बसत गेलं. घरात माणूस गेलं की लग्न करायचं तर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. शेहेचाळिसाव्या वर्षी, वर्ष संपायच्या आदल्या संध्याकाळी, कुमुदने चाळीस घरांना लग्नाची पत्रिका पाठवली होती. मुलाचं नाव नसलेली, पण त्याची कवळी छापलेली.

ती उठून फोनकडे जाणार, तोच अवधूत दारात. हातात ताट, ताटात नारळ आणि त्यावर एक्केचाळिसावी प्रत.

"ताई, साहेब आले का?"

त्याला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. जिना भरायला लागला होता. पैठण्या, मोत्याच्या नथी, अत्तर, चमकत्या कागदातली खोकी. सहकुटुंब म्हटल्यावर चाळीस पाकिटांची शंभरावर माणसं झाली. रमाआत्या दाराशी उभी राहून प्रत्येक म्हाताऱ्याला न्याहाळत होती. तळमजल्याचे तुळशीराम, विधुर, डोळ्यांवर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, वर आले तशी ती वाकून नमस्कार करत म्हणाली, "आमची कुमुद जरा तापट आहे. सांभाळून घ्या."

"मी खुर्च्या द्यायला आलोय," तुळशीराम म्हणाले, आणि दोन पायऱ्या खाली उतरले.

कुमुद स्टुलावर चढली. "लग्न नाहीये," ती म्हणाली.

जिन्यात कोणाच्या तरी हातून प्रेशर कुकर पडला.

"हे बाबांचं पुस्तक आहे. चष्मा बाबांचा. चपला बाबांच्या. कप आमचे दोघांचे. कवळी... कवळीही त्यांचीच. उद्या वर्ष होतंय."

अवधूत ताट घेऊन भिंतीला असा चिकटला की जणू तिथे छापलाच आहे. जगनमामांनी फेटा पाठीमागे लपवला.

"म्हणजे तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा..." रमाआत्या म्हणाली.

"तुझा दादा, आत्या."

आत्या खुर्चीवर बसली. आधी खांदे हलले, मग पैठणीचा पदर तोंडात कोंबूनही हसू बाहेर आलं. डोळे पुसत तिने पुस्तक पुन्हा उलगडलं. "अगं, ही कवळी! माझ्या नणंदेच्या लग्नात लाडवात रुतून बसली होती. दादाने अख्खा लाडू रुमालात बांधून खिशात टाकला आणि जेवण संपेपर्यंत ओठ मिटून बसला. व्याही म्हणाले, काय शांत माणूस आहे!"

मग चपलांचं कोणीतरी सांगितलं, चष्म्याचं कोणीतरी. शंभर माणसं ठेवणीतल्या कपड्यांत जमिनीवर, पायऱ्यांवर, तुळशीरामांच्या खुर्च्यांवर बसून पुस्तकाची पानं पुढेमागे करत बाबांना हसत होती. तेराव्याला यातली पंचवीसही आली नव्हती. गुणाबाई दोन्ही कपांच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊ रोज भांडायचं माज्याशी. मोटी कोलंबी दे म्हनायचं, लेकीला सोलायला सोपी जाते. स्वतःला तं चावत पन नव्हती."

कुमुद चहा बघायच्या निमित्ताने आत गेली. ओट्याशी सई उभी होती, कोणाची तरी प्रत हातात घेऊन. नेहमीसारखी हसत नव्हती.

"माझं पुस्तक बघायला मुंबईत अकरा माणसं आली होती," ती म्हणाली. "त्यातले चार चहावाले." तिने कवळीचं पान प्रकाशाकडे धरलं. "ही मी पाहिलीच नाही कधी. हातात लपवून काढायचे, रुमालात गुंडाळून खिशात. मी म्हटलं होतं, काका, तिचं चित्र काढू दे. नाही म्हणाले. तुम्हाला दाखवायचे?"

"दाखवायचे नाहीत. पण पहाटे ते उठायच्या आत वाटीतलं पाणी मी बदलायचे. अकरा वर्षं."

"त्यांना माहीत होतं?"

"पाणी आपोआप बदलतं, असं तर वाटत नसेल."

सईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुमुदने ताबडतोब ओळखलं. गेले पाच महिने तिने ते रोज आरशात पाहिलं होतं.

"मला एक प्रत मिळेल, ताई?"

"संपल्या गं," कुमुद म्हणाली, आणि चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ तिने अगदी पुरेपूर घेतला. मग गॅस बारीक केला, बाहेर जाऊन अवधूतच्या ताटातून नारळ बाजूला सारला आणि सईवर मात करायला म्हणून काढलेली ती एक जास्तीची प्रत आणून तिच्या हातात दिली. बाबांच्या कपात तिला चहा ओतला.

सईने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. हळदकुंकवाचे कोपरे पाहिले, लाल दोरा पाहिला, नंबर पाहिला. चहाचा एक घोट घेतला.

"ताई, एक सांगू? नंबर पेन्सिलने घालायचा असतो. शाईने कोणी घालत नाही."

"आमच्याकडे शाईनेच घालतात," कुमुद म्हणाली.