जुन्या हॉर्नची मुदतवाढ

आमच्या तळकोंड गावात गाडीचा हॉर्न बदलायचा तर आधी जुन्या हॉर्नला निरोप समारंभ द्यावा लागतो, आणि तो स्वतःच्या तोंडाने 'येतो' म्हटल्याशिवाय नव्याला रुजू करून घेता येत नाही.

तसाच पाना लावून काढता येतो, नाही असं नाही. पण मग त्या गाडीत दुसरा कुठलाच हॉर्न बोलत नाही. वायर बदला, फ्यूज बदला, बॅटरी नवी आणा, तो आपला गप्प. पाटलांच्या जीपचं तसं झालं. त्यांना घाई होती. आता चार वर्षं झाली, चौक आला की पाटील खिडकीतून हात बाहेर काढून दार बडवतात. मोठी माणसं आहेत, त्यांना शोभतं ते.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. मला घाई जमत नाही आणि भाषण येत नाही. त्यामुळे अशा समारंभात माझ्याकडे एकच काम असतं, बॉनेट उघडून धरायचं.

तर झालं असं. आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या शालन सिस्टर रोज घाट चढून वरच्या वाडीला जातात. त्यांची गाडी लहान, पांढरी, नऊ वर्षांची. घाटात केळदऱ्याचं वळण आहे, तिथं समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. वरून क्रशरचे डंपर खडी भरून उतरतात. परवाच्या बुधवारी एका डंपरने त्यांचा उजवा आरसा नेला. ड्रायव्हर भला माणूस. खाली उतरला, आरसा उचलून हातात दिला आणि म्हणाला, "सिस्टर, हॉर्न तरी द्यायचा." सिस्टरांनी दिला होता. दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. घसा बसलेला, बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. तालुक्याहून त्यांनी नवा हॉर्न आणला होता. लाल रंगाचा, दोन कर्ण्यांचा. म्हणाल्या, अण्णा, सोमवारी वाडीला लसीकरण आहे, त्याच्या आत बसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी आरशावर भागणार नाही. मी म्हटलं, बसवायला दोन तास लागतात. समारंभाचं मात्र मी सांगू शकत नाही.

समारंभ शनिवारी दुपारी चारला माझ्या दुकानासमोर ठरला. निरोप समितीचे अध्यक्ष पडवळ गुरुजी. चिटणीस नामदेव डोईफोडे, ते इतिवृत्त लिहितात. गुरुजी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या भाषणाला अजून निरोप दिलेला नाही. गेल्या महिन्यात एका ट्रॅक्टरच्या हॉर्नसाठी त्यांनी जे भाषण केलं होतं तेच या वेळी केलं. ट्रॅक्टर काढून गाडी घातलं होतं. एका ठिकाणी काढायचं राहिलं, तेव्हा शालन सिस्टरांची गाडी नांगरणीला गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हॉर्नला शाल घातली. हॉर्न वाटीएवढा, त्यामुळे शाल रेडिएटरवरून खाली बंपरपर्यंत आली. नारळ बॅटरीवर ठेवला. मग एकेकजण बोलायला उठला. मृदुभाषी आहेत, म्हणाले. कुणाला दुखावलं नाही, म्हणाले. त्यांच्या एका शब्दावर डंपर थांबायचे, असंही एक जण म्हणाला, आणि हे म्हणताना तुटलेल्या आरशाचा खुंट त्याच्या कोपराशी होता. हा माणूस खोटारडा नाही. निरोपाला असं बोलायचं असतं म्हणून बोलला. नवा हॉर्न थर्माकोलात बसून सगळं ऐकत होता.

शेवटी सत्काराला उत्तर द्यायला जुना हॉर्न उभा राहिला, म्हणजे होता तिथंच राहिला. बारीक आवाजात त्याने सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाला, "नऊ वर्षांत मला कुणी सांगितलंच नाही की माझा एवढा उपयोग होतो. आज कळलं. आता गेलो तर गावाशी बेइमानी होईल. मी थांबतो."

मग गुरुजींनी टाळी वाजवली, कारण सत्कारमूर्ती बोलून थांबली की टाळी वाजवायची हे त्यांना पाठ. त्यांच्यामागे सगळ्यांनी वाजवली. डोईफोड्यांनी लिहून घेतलं, पाच वर्षं मुदतवाढ, एकमताने. शालन सिस्टर पेढ्यांचं ताट धरून उभ्या होत्या. एकाने जाता जाता दोन पेढे उचलले आणि त्यांचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर हेच लोक मला म्हणत होते की अण्णा, तो हॉर्न म्हणजे सर्दी झालेलं चिमणीचं पिल्लू, त्याला कुत्रंसुद्धा वाट देत नाही. मी म्हटलं, हेच त्याला जाऊन सांगा, तो समजूतदार आहे. तर सगळे बशीत बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "अंगावर शाल आहे त्यांच्या, अण्णा. शाल असेपर्यंत वाईट कसं बोलायचं?"

ते खरं. आमच्याकडे ती रीत आहे. शाल अंगावर असेतो माणसाला वावगं बोलायचं नाही. गावात दोघं-तिघं मे महिन्यातसुद्धा शाल काढत नाहीत, ते त्याचमुळे. आणि दुसऱ्याने शाल ओढून काढणं म्हणजे तर अपमान, त्याला समिती दंड करते.

रविवारी सकाळी मी गाडीजवळ स्टूल टाकून बसलो. आधी त्याला सल्लागार व्हाल का म्हणून विचारलं. जागा तीच, मान तोच, फक्त वाजायचं नव्याने. तो म्हणाला, बिनकामाचं पद मला नको, मी काम करणारा आहे. मी म्हटलं बरं. मग मी गाडी ढकलून जरा पुढे घेतली, सावलीतून उन्हात. बॉनेट उघडंच ठेवलं. आणि बसून राहिलो.

दहा वाजता त्याला म्हटलं, पाणी हवं का. नको म्हणाला. अकराला गप्पा मारल्या. त्याने मला त्याच्या कामाविषयी सांगितलं, मी ऐकलं. बाराला पत्रा असा तापला की हात ठेवता येईना. त्यावर ती लोकरीची शाल. साडेबाराच्या सुमारास तो म्हणाला, "अण्णा, जरा ही शाल बाजूला ठेवता का? घडी घालून. लगेच परत घालू."

मी सावकाश घडी घातली. चार पदरी. आणि शालन सिस्टरांना बोलावणं धाडलं.

त्या आल्या, पण बोलायला तयार होईनात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नऊ वर्षं बरोबर आहे तो, तोंडावर कसं सांगू. मी म्हटलं, उद्या वळणावर डंपर येईल, तो तुमची भीड ठेवणार नाही. मग त्या गाडीसमोर आल्या. पदराला हात पुसले. हॉर्नने विचारलं, "काय बाई?"

"तुमचा आवाज कुणाला ऐकू येत नाही," सिस्टर म्हणाल्या. घसा अजून बसलेलाच होता. "पहिल्या दिवसापासून येत नाही."

"डंपर थांबायचे की."

"मी काच खाली करायचे आणि ओरडायचे. 'ओ दादा, गाडी आहे, खाली गाडी आहे' असं. तुम्हाला दाबायचे आणि ओरडायचे. त्याला थांबायचे ते."

हॉर्नने आणखी बारीक आवाजात विचारलं,

"रोज?"

"रोज. जाताना आणि येताना. बुधवारी घसा बसला होता, म्हणून आरसा गेला."

"तो आवाज तुमचा होता?" हॉर्न म्हणाला. "मी वाजलो की एक मोठा आवाज यायचा. मला वाटायचं, माझाच आहे. बुधवारी कमी आला तेव्हा वाटलं, वय झालं."

मी स्टूल उचलून उगीच दुसरीकडे ठेवलं.

मग त्याने मला डोईफोड्यांना बोलवायला सांगितलं. डोईफोडे जेवणावरून उठून आले, पाठोपाठ गुरुजीही आले. हॉर्नने निवेदन केलं की माझ्या नावावर चुकून झालेलं काम मला नको. वळणावर आवाज देण्याचं काम नऊ वर्षं बाईंनी केलं आहे, माझी नुसती हजेरी लागली आहे. तरी नोंद दुरुस्त करावी.

गुरुजींनी वही मागवली. दोघांनी मागची पानं चाळली, पुढची चाळली. प्रश्न सोपा नव्हता. मुदतवाढ एकमताने दिलेली, ती मागे घेता येत नाही. पण ती चुकीच्या नावाने दिली गेली असेल तर नाव दुरुस्त करता येतं. डोईफोड्यांनी हॉर्नचं नाव खोडून त्या जागी शालन बाबूराव खटावकर असं लिहिलं. म्हणजे आता तळकोंड ते वाडी मार्गावर हॉर्नच्या पदावर सिस्टर, तेही पाच वर्षं मुदतवाढीसह. आणि जुना हॉर्न कधी कामावर नव्हताच, त्यामुळे त्याला काढायला हरकत उरली नाही.

मी विचारलं, मग नवा कधी बसवू.

"जागा रिकामी नाही," डोईफोडे म्हणाले. "सिस्टर आहेत तिथं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गुरुजी, सत्काराची शाल कालच घातली गेलीय, फक्त नाव चुकलं होतं. आता नाव दुरुस्त झालंय तर शाल आणि नारळ सिस्टरांचेच झाले. म्हणजे निरोप झाला. एक 'येतो' तेवढं राहिलं. गुरुजींनी वहीत बोट ठेवून विचार केला. त्यांना भाषण पुन्हा करायला मिळणार नाही म्हणून थोडं वाईट वाटलं असावं, पण त्यांनी मान हलवली. मी घडी घातलेली शाल सिस्टरांच्या खांद्यावर ठेवली आणि बॅटरीवरचा नारळ हातात दिला.

डोईफोडे म्हणाले, "पद सोडताना काही बोलायचं आहे?"

"येते," सिस्टर म्हणाल्या. तेही नीट ऐकू आलं नाही. डोईफोड्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग मी कामाला लागलो. जुना हॉर्न एका बोल्टवर असतो, तो सोडवला. तो म्हणाला, जपून, अण्णा. मी जपूनच सोडवला. नव्याची करंटची भूक मोठी आणि जुन्याची वायर सुतळीएवढी, ती थेट जोडली तर वितळते. म्हणून मध्ये रिले घालायचा. रिले म्हणजे छोटी डबी, साहेबांच्या दारावरच्या शिपायासारखी. बारीक वायरीने नुसतं सांगायचं, आणि बॅटरीकडून आलेल्या जाड वायरीचं दार तो उघडतो. बॅटरीजवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकला. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून लखलखीत केला, तिथं लोक आळस करतात आणि मग हॉर्नला नावं ठेवतात. वायरीवर नळी चढवली, पंख्यापासून लांब बांधली. सिस्टरांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. समोरच्या लिंबावरचे सगळे बगळे उठले. गुरुजींच्या हातातली वही पडली. नवा रुजू झाला.

सोमवारी मी त्यांच्या शेजारी बसून गेलो, पहिल्या दिवशी जोडणी बघावी लागते म्हणून. मागच्या सीटवर लशींची पेटी. सिस्टरांच्या खांद्यावर शाल होती.

केळदऱ्याचं वळण आलं. वरून डंपरचा घरघराट येत होता. सिस्टरांचा उजवा हात आपोआप काचेच्या बटणाकडे गेला आणि काच खाली आली. छाती भरून श्वास घेतला त्यांनी. मग मी हळूच सांगितलं की सिस्टर, रिटायर झालेल्याने आपल्या जुन्या जागेवर ढवळाढवळ करायची नाही, इतिवृत्तात आहे.

त्यांनी हॉर्न दाबला. दरी दोनदा वाजली. डंपर वळणाच्या वरच कडेला घेऊन थांबला, ड्रायव्हरने हात केला. आम्ही त्याच्या शेजारून गेलो. सिस्टरांनी ओठ घट्ट मिटले होते, गालांत हवा भरून राहिली होती, आणि वळण पुरतं मागे पडेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.