पिन नंबर सातची उलटतपासणी

दळवीकाकांच्या घराची बेल वाजत नाही, पेटते. दाराचं बटण दाबलं की हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि संडासातसुद्धा पिवळा दिवा लागतो. काकांना ऐकू कमी येतं आणि कानातलं मशीन त्यांना मान्य नाही. "ते घातलं की अख्खं मीरा रोड डोक्यात शिरतं," म्हणतात. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून एक इवलासा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटभर कॉम्प्युटर, आणला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला आणि डबा ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. बटणाची वायर जिथे शिरते ती इनपुट पिन, दिव्याची जिथून निघते ती आउटपुट. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीत एवढं ज्ञान आता सगळ्यांना आहे, कारण काका माणसाला लिफ्टपाशी गाठतात आणि लिफ्ट लवकर येत नाही.

काका जन्मभर कोर्टात कारकून होते. त्यामुळे काही बिघडलं की ते दुरुस्ती करत नाहीत, खटला चालवतात. "पुरावा?" हा त्यांचा लाडका शब्द. पाणी आलं नाही म्हणालात, पुरावा? अंगात कसकस आहे, पुरावा? माझ्या बायकोने एकदा भाजी खारट झाल्याचं स्वतःहून कबूल केलं, तर यांनी दोनदा वाढून घेऊन तिला निर्दोष सोडलं.

गेल्या वर्षी मालतीकाकींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ थांबलं. काकी म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. कामाशिवाय कुणाला हाक मारायची नाही, मारली तर एकदाच, असा त्यांचा खाक्या. आता ती एक हाकही बंद झाली, आणि मारली असती तरी काकांना ऐकू आली नसती. म्हणून काकांनी त्यांच्या डाव्या हाताखाली बटण दिलं आणि स्वयंपाकघरात लाल दिवा लावला.

नाशिकची मुलगी, शुभदा, हे बघून भडकली. "बाबा, आईला या खेळण्याच्या भरवशावर ठेवणार तुम्ही?" शेवटी तह झाला. दिवा चोख चालला तर आई इथे, नाहीतर नाशिकला. जावयाच्या घरी मुक्काम ठोकणाऱ्यांतले काका नव्हते, त्यामुळे काकी गेल्या असत्या तर एकट्या गेल्या असत्या.

आणि नेमका तो दिवा उगाचच पेटायला लागला.

काकांनी आधी आउटपुटची साक्ष काढली. दिव्याची वायर पिनेतून उपटून थेट सप्लायला लावली. पेटला. "दिवा निर्दोष." मग पिनेला नुसती उघडझाप करायला लावली. केली. "आउटपुट सुटलं. आता इनपुटला आत घ्या." पिन नंबर सात. काकींच्या बटणाची वायर काढून टाकली, तरी दिवा लुकलुकत राहिला! काकांनी माझ्याकडे बघितलं. मी घाबरून दोन पावलं मागे सरकलो.

"भिंतीपलीकडच्या तुमच्या मिक्सरवर संशय आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्या बायकोने खोबऱ्याची चटणी इतकी वाटली की तिचं दूध झालं. मिक्सर सुरू, दिवा सुरू. मिक्सर बंद, दिवा बंद. आरोप सिद्ध! "पिन मोकळी लोंबकळत ठेवली की ती हवेतलं काहीही खरं धरते. फितूर साक्षीदार," काका म्हणाले. त्यांनी एक बारकासा रेझिस्टर लावून पिन पाच व्होल्टला बांधून टाकली. आता बटण दाबल्याशिवाय ती हलणार नव्हती. आम्ही ती चटणी चमच्याने पिऊन निकाल साजरा केला.

पुढच्याच आठवड्यात दिवा पुन्हा पेटायला लागला. काका "ही सातवी पिन नालायक आहे!" असं घरभर ओरडत आत धावायचे. काकींना काही नको असायचं. त्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या.

एकदा वाटी परत द्यायला गेलो, तेव्हा पॅसेजमधून मला दिसलं. काकींनी अंगठ्याने बटण दाबलं, हात झटकन चादरीखाली घेतला आणि डोळे मिटले. काका पिनेच्या नावाने खडे फोडत आले, चादर सारखी केली, खाटेच्या कडेला टेकले, खालच्या मजल्यावरच्या भांडणाची बातमी सांगितली आणि गेले. काकींच्या तोंडाचा डावा कोपरा हसत होता.

हे काकांना हळूच सांगायचं तरी कसं? हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. मी त्यांना खाली गेटपाशी नेलं आणि ओरडलो, "काकीच दाबतात!"

"क्या हुआ, आंटी को क्या हुआ?" वॉचमन धावत आला.

"कुछ नहीं," काका म्हणाले. मग मला, "माहित्ये मला. ओरडताय कशाला? रेझिस्टर लावल्यावर पिन खोटं कशी बोलेल?"

"मग रोज पिनेला शिव्या का घालताय?"

"तिला कळलं की मला कळलंय, तर दाबायची बंद होईल ना ती. ओळखता की तिला."

पुराव्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस महिनाभर एका निरपराध पिनेवर खोटे आरोप करत होता. मला त्यांचा हेवा वाटला.

रविवारी शुभदा तपासणीला आली. चहा उकळत होता, मीही होतो. लाल दिवा लागला. ती आत जाऊन आली. "आई झोपलीय. बाबा, हे खोटंच पेटतंय!"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "हो," ते म्हणाले, "पिन सैल आहे."

"मग आईला मी नेते. आजच." काकांना ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने बोलली. ते आतही ऐकू गेलं.

दिवा विझला. पुन्हा लागला. आम्ही तिघं खोलीच्या दाराशी पोचलो तर काकींनी हात चादरीबाहेर काढला होता. बटण छातीवर घेऊन, शुभदाच्या डोळ्यांत बघत त्यांनी ते दाबलं.

"काय हवंय, आई?"

काकींनी मान हलवली. काही नको. आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

शुभदा चहा बघायला वळली. काका स्टूल ओढून काकींजवळ बसले. स्वयंपाकघरात लाल दिवा जळतच होता. काकींनी बटणावरचा अंगठा उचलला नव्हता.