रायाजीबावांची तलवार यंत्राने रेखिली त्याची हकीकत

गणरायास नमन, शारदेस नमन, आणि जिच्या कृपेने वीज टिकते त्या देवतेस दोनदा नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विनमास. ते समयी एक दौलत होती. नाव सांगू नये, मंडळी हयात आहेत. धनी श्रीमंत अप्पासाहेब. सरहद्दीच्या गढीवरून शेजारच्या दौलतीशी तंटा पडला. शेजारी म्हणत, "तुमचे पूर्वज रायाजीबावा यांनी तलवार आमच्या पूर्वजापुढे ठेवून गढी दिली." आमचे म्हणत, "अहो, बावांनीच तुमच्या पूर्वजास पळविले!" पुरावा कोणापाशीच नाही. मग पंचांनी ठरविले की दसऱ्यास दोहोंनी आपापल्या पूर्वजाचे चित्र मांडावे, ज्याचा पूर्वज शूर दिसेल त्याची गढी. पंचही असेच!

मग श्रीमंतांनी चित्रे रेखणारे यंत्र आणविले आणि त्यास शिकविण्याची कामगिरी दरबारचे कारकून भिकोपंत यांस सांगितली. यंत्राने आधी बावांस सहा बोटे दिली, मग तलवार कोपरातून उगवली, मग मूठ सोडून पातेच धरविले. श्रीमंत संतापोन बोलिले, "पंत, आमचे बावा काय विळीवर भाजी चिरीत होते?" पंत म्हणाले, "सरकार, यंत्र म्हणजे लेकरू. दाखवाल तैसे शिकेल." मग घरोघरच्या तलवारींच्या तसबिरी मागविल्या आणि ढीग पडला. परंतु या दौलतीत तलवार खंडेनवमीसच बाहेर निघे, आणि पूजेस आणिताना दोन्ही तळहातांवर आडवी धरून, मान लववून आणावी ऐसा रिवाज. मुठीत धरिलेली कोणी पाहिलीच नव्हती. यंत्राने तेच मनोभावे घोकिले. दसऱ्याचे सकाळी चित्र उतरले, तो बोटे पाच, पाते लखलखीत, वर झेंडूची माळ, आणि बावा मान लववून तलवार पुढे करून उभे! श्रीमंत ओरडले, "पंत, गढी तुम्हीच देऊन आलात की हो! आता आईसाहेबांस काय तोंड दाखवू?" पंतांनी दुसरे रेखावे म्हटले, तो वीज गेली.

मग तेच चित्र झाकून सभेस नेले. शेजारचे वकील हैबतराव मिशीस पीळ देत बसलेले, त्यांचेही चित्र झाकलेले. श्रीमंत म्हणाले, "आधी आपले." वकील म्हणाले, "छे छे, मान आपला." पंच कंटाळले आणि दोन्ही पडदे एकदम ओढिले. तो काय नवल! त्यांचेही पूर्वज मान लववून, दोन्ही हातांवर तलवार घेऊन उभे. फुले तेवढी शेवंतीची. खंडेनवमीचा रिवाज त्यांचाही तोच, आणि त्यांचेही यंत्र घरच्याच तसबिरींवर शिकलेले. सभा पोट धरून हसली. हैबतराव हळूच म्हणाले, "श्रीमंत, सकाळपासून घास उतरला नाही हो." श्रीमंत म्हणाले, "आम्ही तरी कुठे जेवलो!" आणि त्यांचे हाती आपट्याचे पान ठेवून गळाभेट घेतली. पंच बोलिले, "दोघेही देतात, घेणारा कोणी नाही. गढी आहे तैसी राहो, गुरे दोहींकडची चरोत."

एकूण हकीकत इतकी, की तंटा मिटला. भिकोपंतांस शेला मिळाला. बोलणी आधीच मिळाली होती. दोन्ही चित्रे गढीत समोरासमोर टांगिली आहेत. दोघे पूर्वज अद्याप "आपण घ्या, आपण घ्या" म्हणत उभे आहेत, आणि तलवार कोणी घेतली नाही.