पांढरीपांडे मास्तरांचे सोमवार

पांढरीपांडे मास्तर एका सकाळी आमच्या अमरावतीच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुमचा आरसा द्या. कबुतरीले दाखवाचा आहे."

आईने मुकाट्याने दिला. मास्तरांना नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की ते समजावून सांगत बसत. दिल्यावरही सांगितलंच. एकटी कबुतरी अंडं घालत नाही, पण समोर दुसरं कबूतर दिसलं, नुसतं आरशात दिसलं, तरी घालते. "डोळ्यानं पाह्यलं, मेंदूले कळलं, मेंदूनं खाली हुकूम धाडला!" त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते, तिचा रस रक्तातून खाली उतरतो आणि मगच अंडं तयार होतं, हे आमच्या आळीत भांडी घासणाऱ्या बाईलाही पाठ होतं. "नागपूरहून कागद आल्याबिगर अमरावतीच्या कचेरीतला शिपाई तरी हालते काय? तसंच हे." कबुतरीने अंडं घातलं. आईने मात्र तो आरसा काही परत घेतला नाही.

मास्तर मूळचे अकोल्याचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि आमच्या भिंतीपलीकडे एकटे राहत. प्रिन्सिपलसाहेबांशी इंग्रजी बोलत, उरलेल्या जगाशी वऱ्हाडी. देव मानत नसत, पण जेवण फार मानत. कोणाच्या घरून वांग्याच्या भरताचा वास आला की जुनी ओळख काढून आत शिरत, आणि ओळख नसली तर भरीत खाता खाता करून घेत.

मी तेव्हा माहेरी होते. होते म्हणजे, मला पाठवलं होतं. सासर मोर्शीचं, संत्र्यांची बाग, माणसंही वाईट नव्हती. पण लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासूबाईंनी मला सोमवार धरायला लावला. मग गुरुवार, मग शनिवार, मग चतुर्थ्या. मीही हट्टाने धरले. पुढे पुढे उपास नसलेल्या दिवशीसुद्धा घास उतरेना. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. आणि मग पाळीच थांबली. पहिल्या महिन्यात घरभर आनंद झाला. नंतर सुईण येऊन पोट चाचपून गेली, आणि यांच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज माझ्या कानावर येऊ लागली.

एका दुपारी भिंतीवर मास्तरांचं डोकं उगवलं.

"वहिनी, तुमची पोरगी आल्यापासून एकदाही बाजूले बसलेली दिसली नाही. कावून?"

आईच्या हातातलं सूप पडलं. त्या काळी ही गोष्ट बाईने बाईलाही खुणेने सांगायची! मी आत पळाले. मास्तर वळसा घालून थेट दारातून आले.

"हे पाय बाई, तू जेवते का नाही?"

"उपास आहेत तिचे," आई म्हणाली.

"कोणकोणते?"

आईने यादी सांगितली. मास्तर खालीच बसले. "बापा! अहो वहिनी, घरात दाणा नाही तं पाव्हणा कोण बोलावते? मेंदूले कळून राहिलं न, का पोरगी उपाशी आहे. त्यानं हुकूमच बंद केला. पोरीत काही खोट नाही. खाऊ घाला तिले."

पोरीत खोट नाही. इतक्या दिवसांत माझ्याबद्दल असं कोणीच म्हटलं नव्हतं. मी दाराआड उभी राहून ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

पण उपास मोडायला सासूबाईंची परवानगी हवी. मास्तर बाबांना घेऊन मोर्शीच्या मोटारीत बसले. तिथे त्यांनी मेंदू, गाठ, रस, सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची गाठ तुमच्यापाशी, मास्तर. देवाले बोललेलं मोडता येते काय? उद्या काही झालं तं कोन जबाबदार?"

"मंग मोडू नका," मास्तर म्हणाले. "तिचे उपास मी करतो."

सासूबाईंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "तुमी?"

"मी."

"सगळे?"

मास्तरांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहून घेतलं. "सगळे."

हे देवाला चालतं का, म्हणून भटजींना बोलावलं. भटजींना मास्तरांच्या समजावून सांगण्याची धास्ती होती. चालतं म्हणाले.

तेव्हापासून मी जेवू लागले आणि मास्तर उपाशी राहू लागले. उपासाच्या दिवशी ते कॉलेजातून येऊन भिंतीशी उभे राहत. "आज काय केलं व?"

"भाकरी. भरीत."

डोळे मिटून ते वास घेत. "तेल सोडलं वरून?"

"सोडलं."

"मंग आणखी खा. मी इकडे मरून राहिलो, तू लाजू नको." सोमवारी त्यांच्या तासाला मुलं श्वाससुद्धा जपून घेतात, असं ऐकू येई. त्यांचा कोट खांद्यावरून लोंबू लागला, आणि माझ्या बांगड्या हळूहळू मनगटावर उतरल्या.

थंडीच्या तोंडी एका सकाळी मी मागच्या पडवीत बाजूला बसले. भिंतीवर डोकं उगवलं, त्याने पाहिलं, आणि ते नाहीसं झालं. थोड्या वेळाने मास्तर आळीत दारोदार जिलबी वाटत होते. "हुकूम आला!" कसला हुकूम, हेही विचारेल त्याला सांगत होते. बाबा लाजेने घराबाहेर पडेनात. आई पदराआड हसत होती की रडत होती, कळेना. मलाही लाज वाटायला हवी होती. पण छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं, आणि जिलबी मीही खाल्ली.

हे मला न्यायला आले. पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी परत अमरावतीला आले आणि मला मुलगी झाली. मास्तरांचे उपास तोवर चालूच होते. उद्यापनाशिवाय सोडायचे नाहीत, असा सासूबाईंचा हुकूम होता.

बारशाला आल्या तेव्हा त्यांनी आमच्याच घरी उद्यापन घातलं. जोडीने बसायचं म्हणून त्यांनी दोन पाट मांडले, दोन पानं वाढायला घेतली. "मास्तर, तुमची मंडळी कुठं हाय?"

मास्तरांची बायको कधीच वारली, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आईने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. सासूबाई दुसरा पाट उचलायला वाकल्या.

"राहू द्या," मास्तर पाटावर बसत म्हणाले. "वाढा."

सासूबाईंनी दोन्ही पानांवर पुरणपोळी वाढली.

"तिच्या पोळीवर तूप जास्त घाला," मास्तर शेजारच्या रिकाम्या पाटापुढल्या पानाकडे बघत म्हणाले. "लेकरासाठी लय उपास केले तिनं. वाळून गेली होती."

सासूबाईंनी तुपाची धार धरली. मास्तर पुरे म्हणेनात, आणि त्याही थांबल्या नाहीत.